सोवळ्याची तार

रेडिओतलं काहीही कळत नाही, अशी पोलिसांच्या कागदावर नोंद असलेला पांढुर्ण्यातला मी एकटा माणूस आहे. कळत बाकीच्यांनाही नव्हतं, पण त्यांची कोणी नोंद घेतली नाही. माझी घेतली, खाली माझीच सही घेतली आणि वर दोन साक्षीदार घेतले. साक्षीदार म्हणजे माझा सख्खा भाऊ आणि माझी लग्नाची बायको.

खरं सांगायचं तर त्या काळात गावात रेडिओचं वेड लागलेला मीच होतो. मिडल स्कूलमध्ये गणित आणि विज्ञान शिकवायचो, आणि शाळा सुटली की माडीवरच्या खोलीत शिरायचो. तिथे मी स्वतः बांधलेलं यंत्र होतं. लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेलं सामान नागपूरच्या जुन्या बाजारातून एकेक करून आणलं होतं आणि दोन वर्षं खपून एका लोखंडी डब्यात बसवलं होतं. त्यावर ऐकताही येत होतं आणि बोलताही येत होतं. बोलणं म्हणजे तोंडानं नाही, पितळेची कळ दाबून, तारबाबूसारखं टक्-टक् करत. बायको म्हणायची, सुतारपक्षी पाळला असता तर निदान पोपटासारखा पिंजऱ्यात तरी राहिला असता.

शॉर्टवेव्हवर माझ्यासारख्या हौशी माणसांची जगभर पसरलेली एक जमात आहे. हे लोक गाणी लावत नाहीत की बातम्या देत नाहीत. आपापल्या घरी बसून एकमेकांना एवढंच विचारतात, ऐकू येतं का? किती साफ येतं? तिकडे हवा कशी आहे? आणि हे विचारून झालं की टपालानं एकमेकांना कार्ड पाठवतात, की तुमचा आवाज अमक्या तारखेला, अमक्या वेळी, इतका स्पष्ट मिळाला. ते कार्ड भिंतीवर लावायचं. ज्याची जितकी कार्डं, त्याची तितकी इज्जत. मी भिंतीवर आधीच बारा खिळे ठोकून ठेवले होते. कार्ड एकही नव्हतं.

कारण कळ दाबायला सरकारचा परवाना लागतो. त्यासाठी मी नागपूरला जाऊन टक्-टक् लिपीची परीक्षा दिली, पास झालो, अर्ज केला आणि वाट पाहत बसलो. मी वाट पाहतोय तोवर राज्यांची पुनर्रचना झाली! अर्ज केला तेव्हा आमचं राज्य मध्यप्रदेश होतं आणि राजधानी नागपूर. नंतरही आमचं राज्य मध्यप्रदेशच होतं, पण राजधानी भोपाळ. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही जागच्या जागी राहिलो, आणि माझा अर्ज कुठे राहिला हे कोणालाच सांगता येईना. नागपूरच्या एखाद्या कपाटात तो वारला, असं मी धरून चाललो होतो.

"जाऊ द्या ना आता," सुधा, म्हणजे माझी बायको, म्हणायची. "किती दिवस सुतक पाळून राहिले त्या अर्जाचं?"

शिवाय तेव्हा सरकारी नोकरांच्या जिवाला घोरच होता. पांढुर्णा-सौंसर नागपूरसोबत जावं, म्हणून गावातल्या अर्ध्या लोकांनी एका निवेदनावर सह्या केल्या होत्या. मीही केली होती, आणि अक्षर सुवाच्य असल्यामुळे ती सगळ्यांत ठळक दिसत होती. आता नवं सरकार त्या सह्या काढून बसलंय, एकेकाला झाबुआ नाही तर बस्तरला पाठवणार आहे, अशी बोलवा होती. सांगणारे अर्थातच सही न केलेले होते.

अशा दिवसांत मी पाप केलं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. यंत्र समोर, कळ हाताशी, बारा खिळे रिकामे. माझा हात आपोआप गेला. दोन मिनिटं मी टक्-टक् केलं, 'कोणी आहे का? कोणी आहे का?' जगातून उत्तर आलं नाही. शेजारून आलं. चौधरीकाकांच्या रेडिओवर भजन चालू होतं, त्यात अचानक कोणी फुटाणे भाजायला घेतल्यासारखा आवाज सुरू झाला. काका ओसरीत येऊन गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "राज्य बदललं तवापासून भजन बी धड येत नाही!"

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. परवान्याशिवाय कळ दाबणं म्हणजे गुन्हा, गुन्हा म्हणजे पोलीस, आणि पोलीस म्हणजे नोकरी गेली. खाकी कापड दिसलं की मी रस्ता बदलायचो. गावात खाकी घालणारे किती लोक असतात, हे मला त्याच महिन्यात कळलं. पोस्टमनला पाहून मी दोनदा न्हाणीत लपलो. (तिसऱ्यांदा लपलो तेव्हा आत माय होती, आणि पुढचं सांगण्यासारखं नाही.)

नाताळच्या सुटीतली ती सकाळ. अंगणात दादाच्या संत्र्याच्या पेट्या भरणं चालू होतं. दादा माझा मोठा भाऊ. बगीचा तो पाहायचा आणि मला 'सायन्स' अशी हाक मारायचा. एक्केचाळीस पेट्या कानपूरच्या आडत्याकडे रवाना व्हायच्या होत्या. इतक्यात चौधरीकाका मागच्या दारानं आले. इतक्या वर्षांत ते मागच्या दारानं कधी आले नव्हते, म्हणून ते तोंड उघडायच्या आधीच मी पुढच्या दाराला कडी घातली.

"मास्तर, सौंसरहून जमादार आला हाय. माह्या वसरीत बसून चहा पिऊन राहिला."

"कशासाठी?"

"तुह्यासाठी. विचारून राहिला, मास्तराकडं बिनतारी यंत्र हाय का, त्याले ते चालवता येते का, अन् त्याच्याकडं कोण येते-जाते."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मी काय येडा हाव? म्हटलं, त्याले घरची चिमणी पेटवता येत नाही. बायको पेटवून देते." (हे खरं होतं, पण ते पोलिसांपर्यंत जायची गरज नव्हती.)

काका चहा संपायच्या आत परत गेले. माय तुळशीला पाणी घालत होती, तिच्या हातातला तांब्या थांबला. दादानं हातोडी खाली ठेवली. "तरी म्या तुले सांगतलं होतं सायन्स," तो म्हणाला, "बगीच्यात ये म्हणून. संत्र्यापायी कोणी जेलात गेला नाही आजलोक."

डोकं ठिकाणावर होतं फक्त सुधाचं. ती माडीवर गेली आणि लोखंडी डबा तान्ह्या लेकरासारखा उचलून खाली घेऊन आली. एका अर्धवट भरलेल्या पेटीतली संत्री तिनं भराभर काढली, डबा आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आत ठेवला, कळ, वायर, बॅटरी सगळं कोंबलं, चहूकडून गवत भरलं आणि वर दोन थर संत्री मांडली. इतकी सुबक मांडली की दादा म्हणाला, "सुधाले बाकीच्या बी भरू द्याव्या लागतील." मग त्यानंच फळी टाकून चार खिळे ठोकले आणि ती पेटी भिंतीकडे सरकवली.

"आणि वरच्या तारेचं काय?" मी विचारलं. माझी एरिअलची तांब्याची तार कडुनिंबापासून माडीवरच्या बांबूपर्यंत, तीस फूट उंचावरून अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. ती काढायला वेळ नव्हता. सुधानं दुसऱ्या एका लांब बांबूच्या टोकावर मायचं एक पांढरं पातळ घेतलं आणि माडीच्या खिडकीतून ते तारेवर टाकलं. एवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली.

जमादार पोट सुटलेला, चष्मा लावणारा, चालून चालून थकलेला माणूस होता. बगलेत कागदांचं पुडकं. "घाबरू नका मास्तर," तो आल्या आल्या म्हणाला, आणि मी होतो त्यापेक्षा दुप्पट घाबरलो. "थोडी चौकशी हाय."

"कसली?"

"ते सांगता येत नाही. गोपनीय हाय. आधी सांगतलं तं लोक खोटं बोलतात."

मग त्यानं मान वर करून अंगणभर नजर फिरवली. "ही तार कायची हो?"

मी तोंड उघडायच्या आत माय पुढे आली. "सोवळ्याची हाय."

"सोवळ्याची?"

"देवाचं पातळ वाळू घालतो आमी. कोणाचा हात लागू नये म्हणून उंच असते."

"तीस फुटावर?"

"आमचं सोवळं लई कडक हाय," माय म्हणाली.

आमच्या सात पिढ्यांत कोणी सोवळं पाळलं नव्हतं. ते त्याच मिनिटाला सुरू झालं. जमादारानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पायातल्या चपला चार हात लांब काढून ठेवल्या.

आम्ही समोरच्या खोलीत बसलो. तो एकेकाला विचारत गेला आणि माझी माणसं एकापेक्षा एक सरस बोलत गेली. दादा म्हणाला, माझा भाऊ यंत्र पाहिलं की लांबून जातो, गावात पिठाची गिरणी आहे पण त्यानं ती आतून पाहिली नाही. सुधा म्हणाली, घरातलं घड्याळसुद्धा मीच चावी देते. माय म्हणाली, पोरगा लहानपणापासूनच डोक्यानं मंद, पण स्वभावानं गरीब आहे. मास्तर कसा झाला, असं जमादारानं विचारलं. "देवाची लीला," माय म्हणाली. मी मान खाली घालून ऐकत होतो. इतक्या प्रेमानं आजवर कोणी माझी बेअब्रू केली नव्हती.

मात्र माझी बोटं माझ्या ताब्यात नव्हती. भीती वाटली की माझी बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप टक्-टक् करतात. तेव्हाही सुरू झाली. जमादार बघत राहिला. "हे काय करून राहिले मास्तर?"

"वात हाय त्यांले," सुधा शांतपणे म्हणाली. "हाताले कंप सुटते. वैद्याचं औषध चालू हाय."

"अरेरे," जमादार म्हणाला आणि तेही लिहून घेतलं.

बाहेर अंगणात काहीतरी हालचाल झाली, मग बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मारोती, आमचा बंडीवाला, निघाला होता. घुंगरं गल्लीतून दूर दूर जात गेली. चला, पेट्या गेल्या, आता भिंतीकडच्या एकट्या पेटीत हात घालायचं जमादाराला सुचणार नाही, असं वाटून मला इतकं बरं वाटलं की मी जबानी स्वतःच सांगायला सुरुवात केली. 'माझ्याकडे बिनतारी यंत्र नाही. ते चालवता येत नाही. त्यातली मला काडीची माहिती नाही.' आणि कोणी न विचारता, सुचलं म्हणून, 'पुढे माहिती करून घेण्याची इच्छाही नाही.' खाली झोकदार सही ठोकली. माझं अक्षर सुवाच्य आहेच.

जमादारानं कागद फुंकून वाळवला, घडी केली, चष्मा पुसला. "झालं," तो म्हणाला. "आता सांगाले हरकत नाही. दिल्लीचा कागद होता. तुमी म्हणे परवाना मागतला होता, घरून बिनतारीवर बोलाचा. नागपूर, भोपाळ, जबलपूर असा फिरत फिरत आमच्याकडं आला. खाली दोनच गोष्टी पाह्याच्या होत्या. यंत्र हाय का, अन् चालवता येते का. दोनी हो असते तं आजच शिफारस लिहून टाकली असती."

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी सुधाकडे, सुधानं मायकडे, आणि मायनं तारेवरच्या पातळाकडे.

"जमादारसाहेब," मी म्हणालो, "मला येतं."

"काय येते?"

"सगळं येतं. मी परीक्षा पास आहे. यंत्र मीच बांधलंय. हे सगळे खोटं बोलले. मीही बोललो."

"मास्तर," तो मऊ आवाजात म्हणाला, "सही कराच्या आधी सांगाचं असते."

"दाखवतो!" म्हणत मी खुर्चीच्या हातावर त्याच्याच नावाची अक्षरं टक्-टक् करून वाजवायला लागलो. जोरात, दोन्ही हातांनी. जमादारानं माझ्या हातांकडे पाहिलं, मग सुधाकडे पाहिलं. "वाढला वाटते," तो म्हणाला.

शेवटी दादा म्हणाला, "साहेब, यंत्र हाय. खरंच हाय. अंगणात पेटीत ठेवलं हाय. चला दाखवतो."

आम्ही सगळे अंगणात आलो. अंगणात गवत पडलं होतं, चार-दोन सडकी संत्री होती, हातोडी होती. पेटी एकही नव्हती. भिंतीकडे सरकवलेली ती पेटी मारोतीसाठी नव्हती, हे आम्हाला माहीत होतं. मारोतीला कोणी सांगितलं नव्हतं. आणि नेहमी दोन-तीन पेट्या विसरून जाणाऱ्या मारोतीनं त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मोजून एक्केचाळीस पेट्या लादल्या होत्या.

पण जमादार भला माणूस होता. "डोळ्यानं पाहिलं तं हा कागद फाडतो," तो म्हणाला. "माही मोटर बारा वाजता हाय." मी सायकल काढली. तो कॅरिअरवर बसला, मी पायडल मारायला लागलो, आणि आम्ही स्टेशनकडे निघालो. त्याचं वजन आणि माझी भीती मिळून सायकल अशी नागमोडी चालली होती की समोरची माणसं आधीच गटारात उतरत होती. चौधरीकाका ओसरीत उभे होते. मास्तर पोलिसासोबत चाललेला पाहून त्यांना भरून आलं. ते गल्लीभर ओरडले, "साहेब, सोडा त्याले! मी सांगतो ना, त्याले काई येत नाही!" कॅरिअरवरून जमादार म्हणाला, "हे लिहूनच घेतलं हाय."

मालधक्क्यावर पोचलो तेव्हा मारोती बिडी ओढत बंडीवर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की मला विचारायची गरजच उरली नाही. "एक बी पेटी मांगं ठेवली नाही, मास्तर," तो म्हणाला. "सगळ्या चढवल्या. सील बी लागलं." मालबाबूला हात जोडले. त्यानं मान हलवली. वॅगनला सील लागलं की ते आता कानपूरलाच उघडणार. मी म्हटलं, आत माझं यंत्र आहे. तो म्हणाला, पावतीवर तर संत्री लिहिलंय.

गाडी सुटली. मी आणि जमादार शेजारी शेजारी उभे राहून तिच्याकडे बघत होतो. माझी दोन वर्षं त्या डब्यात होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? त्या दिवसापुरतं खोटं बोलून झालं होतं.

जमादारानं बगलेतलं पुडकं सोडून माझा कागद काढला. मग म्हणाला, "मास्तर, मले तुमचं खरं वाटून राहिलं. पण मी लिहू काय? चार माणसं म्हणतात यंत्र नाही. तुमची सही म्हणते यंत्र नाही. अन् आता तुमी म्हणता हाय, पण ते संत्र्याखाली झोपून कानपूरले गेलं. असं लिहिलं तं तुमची बी नोकरी जाईन अन् माही बी." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चालचलन उत्तम म्हणून लिहितो. हाताचं जपा." मी त्याला सायकलवर मोटर-स्टँडवर सोडलं.

उन्हाळ्यात दिल्लीचं पत्र आलं. अर्जदार सज्जन असून धार्मिक वळणाच्या घरातला आहे, परंतु बिनतारी विद्येचं त्याला ज्ञान नाही, तसंच प्रकृतीच्या कारणानं कळ चालवणं त्याला शक्य दिसत नाही. सबब परवाना नामंजूर. माझी नोकरी वाचली, बदलीही झाली नाही. सह्यांच्या त्या निवेदनाबद्दल तर कधीच कोणी विचारलं नाही. फक्त मायचं सोवळं राहिलं. शेजारच्या बायका बघतात म्हणून पुढची कित्येक वर्षं ती बांबूनं पातळ त्या तारेवर टाकत असे, आणि काढताना मला शिव्या देत असे.

पण दिल्लीच्या पत्राच्या कितीतरी आधी, जानेवारीतच, दादाच्या नावानं कानपूरच्या आडत्याचं एक पोस्टकार्ड आलं होतं. वर तारीख होती, वेळही होती. खाली लिहिलं होतं, 'आपका माल सही-सलामत मिला. एक पेटी में संतरे के नीचे कोई मशीन निकली. बजती नहीं है. भाव बताइए.'

दादानं पोलिसांच्या भीतीनं भाव कळवलाच नाही. ते कार्ड मी मागून घेतलं आणि माडीवरच्या भिंतीवर पहिल्या खिळ्याला लावलं. बाकी अकरा खिळ्यांना सुधा टोप्या आणि पिशव्या अडकवते. घरी कोणी पाहुणा आला की त्या कार्डाकडे बघून विचारतो, "मास्तर, कानपूरपर्यंत पोचला होता का तुमचा रेडिओ?"

मी म्हणतो, "पोचला होता ना. गवत घालून, खिळे ठोकून, मालगाडीनं."